पुण्याच्या व्यंकीजचा इंग्लिश क्लब तिसऱ्या डिव्हिजनपर्यंत घसरला, मग एकाच सीझनमध्ये वर कसा आला?

डेव्हिड राया हे नाव फुटबॉल बघणाऱ्यांना सांगायला नको. आर्सेनलचा गोलरक्षक. २०२३-२४ मध्ये प्रीमियर लीगमध्ये सर्वाधिक सामन्यांत गोल न खाणाऱ्या गोलरक्षकाचा गोल्डन ग्लोव्ह त्याने घेतला. त्याच्या सहा वर्षं आधी, २०१७-१८ मध्ये, हाच राया इंग्लंडच्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. जर्सी निळी-पांढरी, क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. आणि क्लबचे मालक पुण्यातले.

हो, तेच व्यंकीज. कोंबडीवाले.

व्यंकीजने इंग्लंडमधला क्लब घेतला आणि बुडवला, एवढी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. ट्विटरवर दर दोन-चार महिन्यांनी त्यावर एखादा थ्रेड फिरतो, खाली कोंबडीचे मीम येतात आणि विषय संपतो. पण या गोष्टीत एक सीझन असा आहे ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. क्लब सगळ्यात खाली होता तो सीझन. आणि गंमत म्हणजे व्यंकीजच्या काळात ब्लॅकबर्नला वरच्या डिव्हिजनमध्ये बढती मिळाली ती त्याच सीझनमध्ये.

ते कसं झालं, हे समजून घ्यायचं तर आधी इंग्लंडची शिडी बघावी लागते.

आयपीएलसारखं नाही

आयपीएलमध्ये एखादी टीम शेवटून पहिली आली तरी पुढच्या वर्षी ती पुन्हा तिथेच असते. नवा लिलाव, नवी जर्सी, नवी सुरुवात. इंग्लिश फुटबॉलमध्ये तसं नसतं. वर प्रीमियर लीग, २० क्लब. त्याखाली चॅम्पियनशिप, २४ क्लब. त्याखाली लीग वन, २४. त्याखाली लीग टू, तेही २४. एकूण ९२. दरवर्षी वरच्या पायरीवरचे शेवटचे क्लब खाली ढकलले जातात आणि खालचे पहिले वर येतात. नावावरून फसायला होतं, पण लीग वन म्हणजे तिसरी पायरी.

लीग वनमध्ये प्रत्येक क्लब ४६ सामने खेळतो. पहिले दोन थेट वर. तिसरा ते सहावा यांच्यात प्ले-ऑफ आणि त्यातून आणखी एक. शेवटचे चार खाली.

खाली जाणं म्हणजे फक्त इज्जत जाणं नाही. पायरी बदलली की टीव्हीचे पैसे आटतात, स्पॉन्सर कमी देतात, चांगले खेळाडू निघून जातात. मैदान मात्र तेवढंच मोठं राहतं आणि त्याचा खर्चही. म्हणून तर इंग्लंडमध्ये पहिला नंबर कोणाचा यापेक्षा शेवटून तिसरा कोण, यावर कधीकधी जास्त रक्त आटतं.

क्लब साधा नव्हता

ब्लॅकबर्न हे वायव्य इंग्लंडमधल्या लँकेशायरमधलं गिरणगाव. कापडाच्या गिरण्यांवर उभं राहिलेलं. त्याच्या शेजारच्या डार्वेनमध्ये १९३१ साली महात्मा गांधी जाऊन आले होते, स्वदेशीच्या चळवळीमुळे काम गेलेल्या गिरणी कामगारांना भेटायला. पुढे गिरण्या गेल्या. त्याच गिरण्यांत काम करायला आलेल्या गुजराती आणि पाकिस्तानी कुटुंबांची पुढची पिढी आज या गावात मोठ्या संख्येने राहते. म्हणजे गावाचं आणि भारतीय उपखंडाचं नातं व्यंकीजपासून सुरू होत नाही.

क्लबची स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ क्लबांपैकी हा एक. १९९२ मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तेव्हाही हा होता. एफए कप सहा वेळा जिंकलेला. आणि १९९४-९५ मध्ये चक्क प्रीमियर लीग.

ती लीग जिंकण्यामागे एका गावकऱ्याचा पैसा होता. जॅक वॉकर. ब्लॅकबर्नचाच माणूस, पोलादाच्या धंद्यात मोठा झाला, धंदा ब्रिटिश स्टीलला विकला आणि लहानपणापासून ज्या क्लबवर जीव होता त्यात पैसा ओतला. केनी डॅलग्लिश मॅनेजर म्हणून आला, ॲलन शिअरर आला. शिअररने त्या सीझनला लीगमध्ये ३४ गोल केले. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलकडून हरला, पण मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरी सोडवता आली नाही आणि ट्रॉफी या गिरणगावात आली.

म्हणजे पैसेवाला मालक ही गोष्ट ब्लॅकबर्नकरांना नवी नव्हती. मालकाचा पैसा त्यांना कधीच खुपला नव्हता. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वॉकर २००० साली गेले. त्यांच्या ट्रस्टने काही वर्षं क्लब सांभाळला आणि मग गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली.

पुण्याहून आलेले मालक

व्यंकीज म्हणजे व्ही. एच. ग्रुप. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये पुण्यात वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. भारतात पोल्ट्रीचा धंदा घरामागच्या खुराड्यातून काढून उद्योग म्हणून उभा करणाऱ्यांत त्यांचं नाव सगळ्यात वर घेतात. रोज अंडी खा म्हणून सांगणारी ती टीव्हीवरची जाहिरात आठवते? ती ज्या संस्थेची, ती राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. त्यांच्यानंतर मुलगी अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश राव व बालाजी राव यांच्याकडे कारभार आला.

नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी ब्लॅकबर्न घेतला. किंमत २ कोटी ३० लाख पौंड, वर क्लबचं कर्ज. तेव्हा क्लब प्रीमियर लीगमध्ये होता. जगभर दिसणाऱ्या लीगमध्ये आपलं नाव झळकेल, ब्रँड मोठा होईल, हा हिशेब उघड होता. त्यात गैर काही नाही. अर्धी प्रीमियर लीग याच हिशेबावर चालते.

पण महिनाही झाला नव्हता तोच, १३ डिसेंबरला, त्यांनी मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं. संघ तेव्हा तेरावा होता. ब्लॅकबर्नएवढ्या क्लबसाठी तेरावा म्हणजे उत्तम. ॲलरडाइस यांचा फुटबॉल बघायला सुंदर नव्हता, पण त्यांचे संघ खाली जात नसत. त्यांच्या जागी त्यांचाच सहायक स्टीव्ह कीन. मग रोनाल्डिन्होला आणण्याच्या बातम्या आल्या. तो ब्राझीलला गेला. मग ती जाहिरात आली ज्यात ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये चिकन खातायत. सोशल मीडियावर ती अजूनही फिरत असते. ऑक्टोबर २०११ मध्ये संघ पुण्यालाही येऊन गेला. बालेवाडीत पुणे एफसीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना झाला, ब्लॅकबर्नने तो ३-० जिंकला. त्या महिन्यात इंग्लंडमध्ये मात्र क्लब तळाला होता आणि घरच्या मैदानावर कीनविरुद्ध मोर्चे निघत होते.

७ मे २०१२. ईवूड पार्क या घरच्या मैदानावर विगनविरुद्ध सामना. त्यात प्रेक्षकांनी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली, क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली. ब्लॅकबर्न १-० ने हरला आणि ११ वर्षांनी प्रीमियर लीगमधून बाहेर पडला.

मग सुरू झाली मॅनेजरांची रांग

२०१२-१३ च्या एकाच सीझनमध्ये पाच जणांनी संघ सांभाळला. कीन गेले, एरिक ब्लॅक हंगामी आले. मग हेनिंग बर्ग, १९९५ च्या विजेत्या संघातला बचावपटू, तो ५७ दिवस टिकला. मग गॅरी बॉयर हंगामी. मग मायकल ॲपलटन, ६७ दिवस. मग पुन्हा बॉयर. बर्गने भरपाईसाठी कोर्टात धाव घेतली आणि क्लबला त्याला साडेबावीस लाख पौंड द्यायला लागले. दहा सामन्यांत एक विजय मिळवलेल्या मॅनेजरला!

बॉयरने मात्र गाडी बऱ्यापैकी रुळावर आणली. पण तोवर दुसरी अडचण उभी होती. प्रीमियर लीगमधून खाली आलेल्या क्लबला काही वर्षं ठरावीक रक्कम मिळत राहते, पडताना आधार म्हणून, तिला पॅराशूट पेमेंट म्हणतात. ब्लॅकबर्नला ती चार वर्षं मिळणार होती, २०१६ पर्यंत. शिवाय तोट्यावर मर्यादा घालणारे नियम होते. ते मोडल्यामुळे डिसेंबर २०१४ पासून जानेवारी २०१६ पर्यंत क्लबवर खेळाडू विकत घेण्याची बंदी होती. मालकाच्या खिशात पैसे असून ते खर्च करता येत नाहीत, अशी ही परिस्थिती.

मग विक्री सुरू झाली. टॉम केर्नी गेला, रुडी गेस्टेड गेला. गोलांची मशीन असलेला जॉर्डन ऱ्होड्स फेब्रुवारी २०१६ मध्ये मिडल्सब्रोला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ग्रँट हॅनली आणि शेन डफी, म्हणजे बचावाचे दोन्ही खांब, एकाच महिन्यात गेले. आणि मॅनेजर म्हणून कोण आलं? ओवेन कॉइल. ज्याने २००९ मध्ये बर्नलीला प्रीमियर लीगमध्ये नेलं होतं. बर्नली म्हणजे शेजारचं गाव आणि ब्लॅकबर्नचा हाडवैरी. चाहत्यांना हे कसं वाटलं असेल, याची कल्पना करायला फुटबॉल कळायची गरज नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कॉइलही गेले. ३१ सामन्यांत ७ विजय. आता आले टोनी मोबरे.

२ गोल

मोबरे हे मिडल्सब्रोचे जुने कर्णधार, शांत, जरा उदास चेहऱ्याचे गृहस्थ. वेस्ट ब्रॉमला त्यांनी २००८ मध्ये प्रीमियर लीगमध्ये नेलं होतं. नंतर सेल्टिक, मिडल्सब्रो, कॉव्हेंट्री. कॉव्हेंट्रीत असताना लीग वनचा अनुभवही घेतला होता. तेव्हा त्याची किंमत कुणी केली नसेल.

त्यांना १५ सामने मिळाले. त्यात ५ जिंकले, ७ बरोबरीत, हरले फक्त ३. घसरणाऱ्या संघासाठी हे चांगलंच होतं. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्नने ब्रेंटफर्डला त्यांच्या मैदानावर ३-१ ने हरवलं. पण त्याच वेळी नॉटिंगहॅम फॉरेस्टने इप्सविचला ३-० ने हरवलं. दोघांचे गुण ५१. फॉरेस्टचा गोलफरक उणे १०, ब्लॅकबर्नचा उणे १२.

दोन गोलांनी ब्लॅकबर्न तिसऱ्या पायरीवर गेला. १९८० नंतर पहिल्यांदाच. प्रीमियर लीग जिंकून इतक्या खाली गेलेला हा पहिला क्लब ठरला. तारीख होती ७ मे २०१७. कोंबडी मैदानात आली त्या दिवसाला बरोबर पाच वर्षं.

आता खरा सीझन

खाली गेलेल्या क्लबांचं पुढे साधारण काय होतं, याचा एक ठरलेला साचा आहे. चांगले खेळाडू विकायचे, मॅनेजर बदलायचा, पगार कापायचे. मग संघ कमकुवत होतो, पहिल्या वर्षी वर येता येत नाही, दुसऱ्या वर्षी पैसे आणखी कमी. बरेच मोठे क्लब अशा चिखलात वर्षानुवर्षं रुतून बसले आहेत.

२०१७ च्या उन्हाळ्यात व्यंकीजने यापैकी फारसं काही केलं नाही. मोबरेंना ठेवलं. संघाचा कणा विकला नाही. कर्णधार आणि बचावपटू चार्ली मलग्र्यू, स्ट्रायकर डॅनी ग्रॅहम, मधल्या फळीतले एलियट बेनेट आणि कॉरी एव्हान्स, बचावात डॅरा लेनिहन, गोलमध्ये तरुण राया, सगळे राहिले. म्हणजे चॅम्पियनशिपचा संघ लीग वनमध्ये उतरला. लीग वनच्या बहुतेक क्लबांना असे पगार स्वप्नातही परवडत नाहीत. मालकांनी तोटा सोसायचं ठरवलं म्हणून ते शक्य झालं. व्यंकीजवर टीका करताना ही गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि ती गाळणं बरोबर नाही.

वर मोबरेंनी लीग वन ओळखणारे खेळाडू घेतले. इथे मोबरेंचा शहाणपणा दिसतो. मोठं नाव आणून जाहिरात करण्यापेक्षा या पायरीवर खेळून मुरलेली पोरं. रॉदरहॅमकडून रिची स्मॉलवूड आला, मधल्या फळीत धावून धावून समोरच्याला दमवणारा. आणि जिलिंगहॅमकडून ब्रॅडली डॅक. साडेसात लाख पौंडांच्या आसपास रक्कम सांगितली जाते. इंग्लिश फुटबॉलच्या भावात ही किरकोळ.

सुरुवात वाईट झाली. पहिला सामना साऊथएंडला, २-१ ने हार. दुसरा घरच्या मैदानावर डॉनकास्टरविरुद्ध, ३-१ ने हार. लीग वनमध्ये दोन सामने आणि शून्य गुण. स्टँडमध्ये पुन्हा तीच कुजबुज. २०१२ चे व्यंकीज असते तर मोबरे सप्टेंबरच्या आत घरी गेले असते, असं म्हणायला जागा आहे.

ते गेले नाहीत. आणि पुढच्या ४४ सामन्यांत ब्लॅकबर्न फक्त ४ हरला.

लीग वनमधली अडचण वेगळी असते. समोर विम्बल्डन किंवा फ्लीटवूडसारखे क्लब, ज्यांच्या मैदानात तेव्हा जेमतेम पाच हजार लोक मावत. त्यांच्यासाठी माजी प्रीमियर लीग विजेता येतोय म्हणजे वर्षातला सगळ्यात मोठा सामना. ते आडदांड खेळतात, लांब चेंडू मारतात, मागे दहा जण उभे करतात. दुसरीकडे ईवूड पार्कची क्षमता ३१ हजारांच्या घरात आणि बऱ्याच सामन्यांना अर्ध्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या. गल्लीतल्या टीमला हरवायला गेलेल्या मोठ्या टीमचं होतं तेच. जिंकलात तर कौतुक नाही, हरलात तर हसं.

डॅकने यावर उत्तर शोधलं. तो ना पूर्ण स्ट्रायकर ना पूर्ण मिडफिल्डर. ग्रॅहम पुढे उभा राहून दोन बचावपटूंना अंगावर घ्यायचा, चेंडू खाली पाडायचा आणि मागून डॅक त्या मोकळ्या जागेत शिरायचा. लीगमध्ये १८ गोल त्याने असे आणि याच्यासारखे केले. लीग वनचा सर्वोत्तम खेळाडू म्हणूनही तोच निवडला गेला. ग्रॅहमचे १४. आणि मलग्र्यूचेही १४!

हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. मलग्र्यू बचावपटू. वय ३२. स्कॉटलंडकडून खेळलेला, सेल्टिकबरोबर लीग जिंकलेला. डावा पाय असा की मैदानाच्या कोपऱ्यावरून, फ्री किकवरून, पेनल्टीवरून, कुठूनही गोलचा वास लागायचा. मागे दहा जण उभे करून बसलेल्या संघाला फोडायचं तर असा माणूस लागतो, कारण चेंडू थांबलेला असताना ती दहा जणांची भिंत फारशी कामाची राहत नाही.

जानेवारीत न्यूकॅसलकडून ॲडम आर्मस्ट्राँग उधारीवर आला. वेगवान, वय वीस. उरलेल्या अर्ध्या सीझनमध्ये त्याने ९ गोल केले. या चौघांचे मिळून ५५ होतात. संघाचे लीगमध्ये एकूण ८२.

पुढच्या काही महिन्यांत तीन संघांची शर्यत लागली. विगन, ब्लॅकबर्न आणि श्रूझबरी. श्रूझबरीकडे ना पैसा होता ना नावं, तरी तो वसंतापर्यंत मागे हटायला तयार नव्हता. थेट वर जायच्या जागा दोनच, म्हणजे तिघांपैकी एकाला प्ले-ऑफच्या जुगारात उतरावं लागणार. ९० मिनिटांचा एक वाईट दिवस आणि ४६ सामन्यांची मेहनत पाण्यात.

२४ एप्रिल २०१८, मंगळवारची रात्र. सामना डॉनकास्टरला. ऑगस्टमध्ये ज्यांनी ईवूड पार्कवर येऊन ३-१ ने धुतलं होतं, तेच. जिंकलं तर बढती पक्की. बराच वेळ गोल होईना. सामना शेवटाकडे आला तेव्हा गोल झाला आणि तो करणारा होता मलग्र्यू. १-०.

सीझन संपला तेव्हा विगन ९८ गुणांनी पहिला, ब्लॅकबर्न ९६ गुणांनी दुसरा. २८ विजय, १२ बरोबरी, ६ पराभव. श्रूझबरी ८७ वर तिसरा आला आणि प्ले-ऑफच्या फायनलमध्ये रॉदरहॅमकडून हरला.

इथे शेजारच्यांचंही सांगायला हवं. त्याच सीझनमध्ये बर्नली प्रीमियर लीगमध्ये सातवा आला आणि युरोपात खेळायला पात्र ठरला. आणि ब्लॅकबर्नहून काही मैलांवरचं छोटंसं ॲक्रिंग्टन लीग टू जिंकून लीग वनमध्ये आलं. म्हणजे मलग्र्यूचा तो गोल झाला नसता आणि पुढे प्ले-ऑफही हुकले असते, तर १९९५ चा इंग्लंडचा विजेता पुढच्या वर्षी ॲक्रिंग्टन स्टॅनलीच्या बरोबरीने एकाच डिव्हिजनमध्ये खेळला असता, आणि बर्नली युरोपात.

मग व्यंकीज चांगले की वाईट?

पैशाचं बघितलं तर क्लबच्या हिशेबांवरून मालकांनी आजवर २० कोटी पौंडांहून जास्त रक्कम ओतली आहे. तोटा होणार हे दिसत असताना, वर्षानुवर्षं. क्लब लुटायला आलेले लोक असं करत नाहीत. शंभर वर्षांहून जुना बरी क्लब २०१९ मध्ये मालकाकडे पैशाचा पुरावा नाही म्हणून फुटबॉल लीगमधून थेट काढून टाकला गेला. तोही ब्लॅकबर्नपासून फार लांब नाही. त्या तुलनेत ब्लॅकबर्नकरांचा पगार थकला म्हणून क्लब बंद पडला, असं झालं नाही.

मग चाहते चिडतात कशावर? जॅक वॉकरचा पैसा चालला, पुण्याचा का नाही? यात वंशभेदाचा वास शोधणारेही आहेत आणि काही घोषणांमध्ये तो नव्हता असंही नाही. पण मूळ दुखणं वेगळं आहे. वॉकर मैदानात बसायचा. राव कुटुंब गेली अनेक वर्षं ईवूड पार्कवर दिसलेलं नाही. निर्णय पुण्यात होतात, मॅनेजर पुण्याला येऊन भेटतात, मोबरेही यायचे, आणि गावाला कळतं ते निर्णय झाल्यावर. सात हजार किलोमीटरवरून क्लबचं बिल भरता येतं, पण तो चालवायला तिथे भरवशाचा माणूस लागतो. २०१७-१८ मध्ये तो माणूस मोबरेंच्या रूपाने होता आणि मालकांनी त्याला काम करू दिलं. त्याआधीच्या सहा-सात वर्षांत एवढंच झालं नव्हतं.

लांबून पैसा पाठवण्याचाही एक धोका पुढे दिसला. परकीय चलनाच्या नियमांवरून अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू असल्यामुळे २०२३ पासून क्लबला पैसे पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, तीही तेवढ्या रकमेची बँक हमी ठेवून. लँकेशायरमधल्या चाहत्याला आपल्या क्लबचं बजेट समजून घ्यायला दिल्लीच्या कोर्टाची तारीख बघावी लागते, अशी वेळ आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ॲडम व्हार्टन हा अकादमीत वाढलेला तरुण मिडफिल्डर क्रिस्टल पॅलेसला विकला गेला.

राया २०१९ मध्येच ब्रेंटफर्डला गेला होता, तिथून आर्सेनल. आर्मस्ट्राँगला ब्लॅकबर्नने पुढे कायमचा विकत घेतला आणि २०२१ मध्ये साऊथॅम्प्टनला विकला. डॅकच्या गुडघ्याने दोनदा दगा दिला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

मोबरे पाच वर्षांहून जास्त टिकले. व्यंकीजच्या काळात इतका कुणीच टिकला नव्हता. मे २०२२ मध्ये त्यांचा करार संपला आणि नवा झाला नाही. ऑगस्टमध्ये ते संडरलंडचे मॅनेजर झाले.

त्या सीझनचा शेवटचा दिवस, ८ मे २०२३. प्रीमियर लीगच्या प्ले-ऑफसाठी चॅम्पियनशिपमध्ये सहावी जागा शिल्लक होती. ब्लॅकबर्न मिलवॉलला त्यांच्या मैदानावर ३-१ ने मागे पडला आणि तिथून ४-३ ने जिंकला. गुण झाले ६९. तिकडे दुसऱ्या मैदानावर प्रेस्टनला ३-० ने हरवून आणखी एका संघाचेही ६९ गुण झाले आणि गोलफरकावर सहावी जागा त्याला मिळाली. तो संघ होता मोबरेंचा संडरलंड.